नेसंट भाकरी

धाटावच्या कंपनीतून पुंडलिक रिटायर झाला आणि थोड्याच दिवसांत त्याची बायको सगुणा न्हाणीत घसरून पडली. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. मुलगी सुरभी पेणला राहून बँकेच्या परीक्षेचा क्लास करत होती. रोह्याला घरी यायची ती फक्त रविवारी. तेव्हा पुंडलिकने जन्मात पहिल्यांदा तांदळाच्या पिठात हात घातला.

कडा फाटायच्या. तव्यावर टाकताना निम्मी भाकरी हातालाच राहायची.

"पाणी लावा जरा... नाय नाय, एवढं नको!" सगुणा बसल्या जागेवरून सांगायची.

एका रविवारी सुरभी तिथेच बसून इंग्रजी शब्द पाठ करत होती. "नेसंट, नेसंट..."

"म्हंजे काय गो?" पुंडलिकने विचारलं.

"नुकतंच सुरू झालेलं, बाबा. अजून पुरता आकार न आलेलं."

त्याने तव्याकडे पाहिलं. "मंग ही नेसंटच म्हणायची."

तिघंही हसली. सगुणाने तो शब्द नंतर पुन्हा एकदा सुरभीकडून नीट म्हणून घेतला.

त्याच आठवड्यात पुंडलिकची थोरली बहीण हौसा गागोद्याहून भावजयीला बघायला आली. भाऊ गॅसपुढे उभा बघून ती दारातच थबकली. मग ताटात डोकावली.

"अरे देवा! ही भाकरी म्हणायची?"

पुंडलिकचा चेहरा पडला. पिठाचे हात तो उगाच पुसत राहिला. चौथीत शाळा सुटलेली सगुणा ताठ बसली.

"वन्सं, नावं नका ठेवू. ही नेसंट भाकरी हाय."

"नेसंट? ही कुठली नवी?"

"इंग्रजी शब्द हाय. म्हंजे आता कुठं जमायला लागलीय."

पुंडलिक बायकोकडे बघतच राहिला. हौसाने एक तुकडा मोडून वालाच्या बिरड्यात बुडवला, सावकाश चावला.

"चव बरी हाय," ती म्हणाली. मग पदर खोचून उठली. "पण पिठाला उकळतं पाणी घालतोस का? सरक, दाखवते."

ती दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाणार होती, ती दोन दिवस राहिली.

प्लास्टर निघालं त्या दिवशी सगुणाने उत्साहाने परात पुढ्यात ओढली. पुंडलिक दारातून आत आला आणि रुसूनच बसला.

"हात बरा झाला म्हणून लगेच मला कामावरून काढलंस?"

सगुणाने हसून अर्धं पीठ त्याच्याकडे सरकवलं.