निळ्या झाकणाच्या टाक्या

कल्पना करा, तुमच्यापुढे रोज भरलेलं ताट येतं. हवं तितकं खा, कुणी हात धरत नाही. पोट भरतं, ढेकरही येते. फक्त त्या जेवणात एक गोष्ट कमी आहे. ती दिसत नाही, तिला वास नाही, आणि ती कमी असल्याचं जिभेला कळत नाही. कळतं ते हाडांना, तेही हळूहळू. बरोबरीची मुलं उंच होत जातात, तुम्ही मागे राहता, आणि एक दिवस आरशात पाहता तर पाठ किंचित वाकलेली. आलं डोळ्यांपुढे? आता असं समजा, की तुम्ही तळहाताएवढा सॅमन मासा आहात आणि ते ताट म्हणजे वरून पाण्यात पडणाऱ्या तपकिरी गोळ्या. एवढं जमलं, तर राग्नाला काय वाटलं असेल ते मी सांगायची गरज उरणार नाही.

राग्ना तारेहोल्म बेटावर राहायची. नॉर्वेच्या किनाऱ्यापासून फेरीबोटीने समुद्रात थोडं आत, जिथे घरांपेक्षा होड्या जास्त, असं ते बेट. तिची आई त्या फेरीबोटीवरच कामाला होती. धक्क्यालगत, पूर्वी जिथे हेरिंग मासे खारवत त्या लांबट लाकडी इमारतीत, आता गोड्या पाण्याच्या टाक्या होत्या, आणि त्या टाक्या म्हणजे टोरुनमावशीचं राज्य. बाहेर फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधे शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यात, जाळ्यांचे मोठे गोल पिंजरे तरंगत. टाकीतली पिल्लं मोठी झाली की त्या पिंजऱ्यांत जायची.

त्या वर्षी मावशीने काही टाक्यांना निळी झाकणं लावली होती आणि काहींना पिवळी. मासे सारखे, पाणी सारखं, गोळ्याही दिसायला सारख्याच. फरक फक्त गोळ्यांच्या आत.

"पूर्वी यांच्या खाद्यात माशांचीच पूड असायची," मावशीने राग्नाला समजावलं होतं. "आता समुद्रातून एवढे बारके मासे उपसायचे तरी किती? म्हणून सोयाबीन, वाटाणा, गहू. त्याने अंग वाढतं. पण हाडं घट्ट व्हायला फॉस्फरस लागतो."

"सोयाबीनमध्ये नसतो?"

"असतो गं. पण कुलपात असल्यासारखा. सॅमनच्या पोटाकडे त्या कुलपाची किल्ली नाही. म्हणून वरून घालावा लागतो."

"मग घाल ना भरपूर!"

"भरपूर घातला तर जो पचत नाही तो नुसता पाण्यात जातो. शिवाय तो जमिनीतून खणून काढावा लागतो, झाडाला लागत नाही. म्हणून बघायचंय, कमीत कमी किती पुरतो. पिवळ्यांना नेहमीइतका, निळ्यांना कमी."

राग्नाने मान डोलावली. तिला सगळं समजलं होतं. फक्त 'कमी' हा शब्द तिच्या मनात रुतून बसला.

ईस्टर आला. ईस्टरला तारेहोल्म रिकामं होतं. ज्याला त्याला डोंगरातलं लाकडी खोपटं गाठायचं असतं, स्की पाठीला, संत्री पिशवीत. मागे राहतात मांजरं, कोंबड्या आणि ज्यांच्या आयांना सुटी नाही अशी मुलं. ही मुलंच मग सगळ्यांच्या जनावरांना खायला घालतात. शेजारी मुलाच्या हातात किल्ली ठेवून खुशाल निघून जातो. ही पद्धत इतकी जुनी, की टाकीघराची किल्ली राग्नाला देताना मावशीच्या मनात काही आलं नाही. खरं म्हणजे यायला हवं होतं. कोंबड्या वेगळ्या आणि प्रयोगातले मासे वेगळे.

"निळी बादली निळ्यांना, पिवळी पिवळ्यांना. बस्स. आणि पाण्यात बोटं घालून खेळायचं नाही!"

"मी काय लहान आहे का, मावशी?"

"नाहीस, म्हणून तर किल्ली दिली."

पहिल्याच सकाळी राग्नाने निळं झाकण उचललं आणि तिला तो दिसला. इतरांपेक्षा बारीक, आणि शेपटीच्या वर पाठीला छोटासा बाक. गोळ्या पडल्या तसे सगळे उसळले, तोही उसळला, पण पोहोचेपर्यंत गोळी दुसऱ्याने पळवली होती. मग तिने बाकीच्या निळ्या टाक्या पाहिल्या. तिथेही काही मासे तसेच, किरकोळ, मरगळलेले. पिवळ्या टाकीतले मात्र चकचकीत आणि भरलेले.

राग्नाच्या घरी एक गोष्ट कडक होती. टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला सारखं वाढायचं, पाहुणा असो की घरचा. आणि इथे तिच्या स्वतःच्या हाताने काही जणांना कमी वाढलं जात होतं. तिने पिवळ्या बादलीत हात घातला. एक मूठ पहिल्या निळ्या टाकीत. मग दुसरीला का नको? दुसरीत. मग तिसरीत.

मावशी परत आली तेव्हा टाकीघर इतकं स्वच्छ होतं, की ती म्हणाली, "आता शाळा सुटल्यावर तूच येत जा." राग्ना येत राहिली, आणि मूठही पडत राहिली. आपण काही वाईट करतोय असं तिला एकदाही वाटलं नाही. उलट निळ्या टाक्यांतले मासे अंग धरू लागले, तशी तिला रात्री छान झोप लागू लागली.

जूनमध्ये प्रयोग संपला. शुक्रवार होता. शुक्रवारी धक्क्यावरच्या जेवणघरात वॅफल भाजायची रीत, म्हणून सगळे गोळा झाले होते. पिंजऱ्यांचा प्रमुख हालवार्ड स्वतः साच्यापाशी उभा होता. त्याला बेटावर लहानथोर सगळे नावानेच हाक मारत.

"टोरुन, तुझे मासे भलतेच शहाणे निघाले!" तो ओरडला. "कमी खाऊन बरोबरीने वाढतात! माझ्या मेव्हण्याला पाठवतो तुझ्या टाकीत महिनाभर!"

सगळे हसले. मावशीचे कान लाल झाले होते. "वजन जवळपास सारखं आलं," ती म्हणाली. "हाडांचे फोटो काढले, तेही ठीक आहेत."

"मग ठरलं. उन्हाळ्यानंतर जेवढी पिल्लं पिंजऱ्यांत जातील, त्या सगळ्यांना निळं खाद्य. सोमवारी मागवून टाकतो." हालवार्डने एका वॅफलवर तपकिरी चीजची जाड चकती ठेवली आणि बशी राग्नापुढे सरकवली. "आणि हे आपल्या खानसामीणबाईंना! हिच्या हाताला गुण आहे बरं का."

राग्नाने एक घास तोडला आणि तो तोंडातच राहिला.

सगळ्या पिल्लांना. खिडकीतून पिंजरे दिसत होते, एकामागे एक. त्या एकेका पिंजऱ्यात तो पाठीला बाक आलेला मासा किती वेळा असेल, हे तिला मोजता येईना. आणि तिथे मूठ टाकायला कुणी नसेल. तिने ज्यांना वाचवलं असं तिला वाटत होतं, त्यांच्यामुळेच आता बाकीच्यांना ते खाद्य मिळणार होतं. ते पुरत नाही हे सांगणं एवढं एकच काम त्या निळ्या टाक्यांचं होतं, आणि तिने त्यांचं तोंड बंद केलं होतं.

तिचे गाल आधी तापले, मग मान, मग कानामागची कातडी. कुणीतरी तिच्या पाठीवर थोपटलं. तिला वाटलं, हा हात भाजेल. बशी तशीच ठेवून ती बाहेर पडली आणि टाकीघरात शिरली. मावशी मागोमाग आलीच.

"काय झालं गं? पोटात दुखतंय?"

राग्ना टाकीकडे पाहत राहिली. मावशीकडे पाहून बोलणं शक्यच नव्हतं.

"मी त्यांना पिवळ्यातलं घालत होते."

"कुणाला?"

"निळ्यांना. रोज एक मूठ. ईस्टरपासून." मग भराभर, "ते बारीक होते मावशी, एकाची पाठ वाकडी होती, मला वाटलं त्यांना कमी..." आणि पुढचं वाक्य रडण्यात गेलं.

मावशीने रागवावं, असं राग्नाला मनापासून वाटत होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण मावशी पालथ्या घातलेल्या बादलीवर हळूच बसली.

"ईस्टरच्या आधी मी त्यांचं वजन केलं होतं," ती म्हणाली. आवाज राग्नाला ओळखू येईना. "निळे मागे होते. नंतर एकदम बरोबरीला आले. पिवळ्यांच्या खाद्याचं पोतंही लवकर संपलं. मी म्हटलं, सांडलं असेल. म्हटलं, माशांनी कमीत भागवायला शिकून घेतलं असेल, तसं ते थोडंफार करतातही. एकदा तुला विचारायचं होतं फक्त. नाही विचारलं."

"का?"

"कारण आकडे मला हवे तसे येत होते."

राग्नाने पहिल्यांदा वर पाहिलं. मावशीचेही कान मघाशी होते तसेच लाल होते, पण आता त्याचं कारण वेगळं होतं. मोठ्या माणसाला लाज वाटताना पाहणं फार अवघड असतं. कुठे बघावं ते कळत नाही.

"आता सगळं वाया गेलं?" राग्नाने विचारलं.

"अर्धं वर्ष गेलं. पुन्हा पहिल्यापासून. आणि हालवार्ड विचारेल, शाळकरी पोरीला किल्ली दिलीस कशी. बरोबरच विचारेल तो." मावशीने तळहातांनी तोंड पुसलं. "पिंजऱ्यांतले मासे वाचतील मात्र. तू घरी जा. हे मी सांगते. किल्ली माझी होती."

ती निघाली. राग्ना दारात उभी राहून पाहत होती. मावशी धक्क्यावरून जेवणघरापर्यंत गेली, पायरी चढली, कडीवर हात ठेवला, आणि थांबली. आतून हालवार्डचा आवाज येत होता. मेव्हण्याचा विनोद तो पुन्हा, नव्याने आलेल्या कुणालातरी सांगत होता. हशा पिकला. मावशीचा हात कडीवर तसाच होता. ती कडी काही खाली जाईना.

राग्नाने बाहीने नाक पुसलं. घराचा रस्ता डावीकडे होता. ती सरळ चालत गेली, पायरी चढली, मावशीच्या हाताशेजारी आपला हात ठेवून कडी दाबली आणि तिच्या आधी आत शिरली.

"हालवार्ड," ती म्हणाली. हशा थांबेना, म्हणून आणखी मोठ्याने, "हालवार्ड! सोमवारी ते खाद्य मागवू नकोस. निळ्या टाक्यांतल्या माशांना मी पिवळं खाद्य चारलंय."