पुढचं डायलिसिस

तिनं बटण दाबलं आणि काचेपलीकडच्या खोलीत एकापाठोपाठ एक फोन वाजू लागले. आठ खुर्च्या, आठ यंत्रं, आठ रुग्ण. सुया नसलेल्या हातानं जो तो आपला फोन चाचपत होता.

"आपले पुढील डायलिसिस रद्द झाले आहे," एका बाईंनी मोठ्यानं वाचलं. "अहो सिस्टर, हे काय?"

काचेअलीकडे तिनं घाईनं लॅपटॉपवर पाहिलं: मेसेज केंद्राच्या ॲपवरूनच गेला होता.

ते ॲप केंद्राच्या मोठ्या सिस्टरांनी स्वतः बनवलं होतं. कोडची एक ओळ लिहिता येत नसताना, पडद्यावरच्या तयार चौकटी ओढून, एकमेकींना जोडून, तीन महिने खपून. रुग्णाला त्याची वेळ कळवायची, बदलली तर तेही कळवायचं, एवढंच त्याचं काम. ते चालावं म्हणून क्लाउडवर दोन जागा उभारायचं काम तिच्या कंपनीनं तिच्यावर सोपवलं होतं. एक चाचणीची, एक खऱ्या वापराची. चाचणीत खोटी नावं, खोटे नंबर हवेत. पण काल तिनं वेळ वाचवायला खऱ्या जागेचीच नक्कल केली आणि नकलेत खरी माणसंही आली. मेसेजची जोडणी बंद करायची राहून गेली. रद्दचा मेसेज जातो का, हे आज तिला पाहायचं होतं. तो गेला होता. अठ्ठेचाळीस जणांना.

आधी तिनं जोडणी तोडली. मग उठून सिस्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

"माझी चूक आहे. मेसेज खऱ्या रुग्णांना गेला."

सिस्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "उद्या यायचे चोवीस जण आधी; बाकीच्यांना नंतर सांगू. एक वेळ चुकली तर काहींच्या अंगात दोन दिवसांत पाणी चढतं, माहीत आहे ना?"

"लगेच दुसरा मेसेज पाठवते, की तो चुकून गेला."

"एक म्हणतो येऊ नका, दुसरा म्हणतो या. त्यांनी कुठला खरा मानायचा? माणसाच्या तोंडून कळू दे. यादीतले वरचे बारा माझे, खालचे बारा तुझे."

तिनं कंपनीतल्या साहेबांना कळवलं. "लेखी पाठवा. बाकी सोमवारी बोलू," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग ती पहिला नंबर फिरवू लागली.

"रद्द झाल्याचं माझ्या किडन्यांना कळवलं होतं का गं?" एक आजी खो खो हसल्या. एकानं दहा मिनिटं झाडलं; तिनं सगळं ऐकून घेतलं. दोघांनी मेसेज पाहिलाच नव्हता. नवव्या नावापुढे सिस्टरांनी लिहिलं होतं, "मास्तर, सकाळी सात."

"चुकून गेला म्हणता?" पलीकडून मास्तर म्हणाले. "बरं."

"मग उद्या येताय ना?"

"मी तसाही येणार नव्हतो. चार वर्षं झाली हे चाललंय. मेसेज आला तेव्हा वाटलं, चला, ठरवायचंही काम उरलं नाही."

तिनं सिस्टरांकडे पाहिलं. त्या पाठमोऱ्या, दुसऱ्याच फोनवर कुणाला तरी समजावत होत्या. तिनं हात हलवला, टेबलावर टकटक केलं. त्या वळल्या नाहीत.

"मास्तर, मला... मी सिस्टर नाही हो. मी कॉम्प्युटरवाली. काय बोलायचं असतं, मला माहीत नाही."

"तो मेसेज तुम्ही पाठवलात?"

"हो."

"नोकरी जाईल?"

"सोमवारी कळेल. ते जाऊ दे. तुम्ही या. मला चार शब्द सुनवायला तरी या. मी इथंच असेन."

पलीकडून फोन बंद झाला. तिनं सिस्टरांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी लगेच मास्तरांना फोन लावला, बराच वेळ हळू आवाजात बोलल्या आणि म्हणाल्या, "हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत."

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच ती दाराशी होती. सात वाजले. सात खुर्च्या भरल्या. सव्वासातला सिस्टर आठवं यंत्र उगीचच पुसत राहिल्या. सात वीसला एक उंच, वाकलेला माणूस कुणाकडेही न पाहता आत आला, पिशवी शेजारच्या स्टुलावर ठेवली आणि बाही वर केली. सुई टोचताना सिस्टरांचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ त्या मनगटावर राहिला.

यंत्र सुरू झाल्यावर मास्तरांनी काचेकडे पाहिलं. तिथून ती पाहत होती. त्यांनी बोटानं खूण केली.

ती आत गेली, ऐकून घ्यायच्या तयारीनं, मान खाली घालून.

"सोमवारपर्यंत झोप येणार नाही तुम्हाला," ते म्हणाले.

तिनं मान हलवली.

मास्तरांनी मोकळ्या हातानं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"बसा. मला इथं चार तास काढायचे आहेत."