हळदीचा पिवळा

"एवढ्या पैशात दुभती म्हस आली असती."

जगदीश हे टेंपोच्या गियरला म्हणाला. पण केबिनमध्ये तिघं कोंबून बसल्यावर गियरशी केलेली कुजबुज खासगी राहत नाही. गियर सुरेखाच्या गुडघ्याला लागूनच होता.

"म्हशीला हळदीचा व्हिडिओ करता येतो का पप्पा?" खिडकीशी बसलेल्या श्रद्धानं विचारलं.

"तू गप गं. तुज्यासाठीच घेतोय ना?"

ते खोटं होतं, आणि तिघांनाही ते ठाऊक होतं. श्रद्धा नर्सिंगला होती, पनवेलला हॉस्टेलवर राहायची. तिला कॉम्प्युटरची गरज म्हशीला छत्रीची असते तेवढी.

शिकत होती तिची आई, सुरेखा. आमच्याकडे माणूस एक वेळ लग्नाला चुकेल, हळदीला चुकायचा नाही. हळदीचं आमंत्रण वेगळं, व्हिडिओ वेगळा, आणि त्यात भावकीतल्या मोठ्यांचे फोटो मानाप्रमाणे लागतात. शहरातला डिझायनर धाकट्या काकाला थोरल्याच्या वर बसवतो आणि दोन घरांचं बोलणं बंद पडतं. सुरेखाला भावकी तोंडपाठ. भाचीच्या लग्नात तिनं मोबाइलवर सहज एक व्हिडिओ केला, आणि मग चौक गावापासून खालापूरपर्यंत तिला मागणी येऊ लागली. चाळिशी उलटून गेल्यावर तिनं कर्जतला ग्राफिक डिझाइन आणि व्हिडिओ एडिटिंगच्या क्लासला नाव घातलं. तिथली मुलं तिला काकू म्हणायची आणि तिच्या डब्यातली भाकरी खायची.

गावात मात्र ती 'शिवणक्लास'ला जात होती. जगदीशनंच तसं सांगितलं होतं. नामानं पारावर चारचौघांत विचारलं होतं, "काय रं जगदीश, बायकोचा अभ्यास कोण घेतो, तू का?" सगळे हसले. नामा त्याचा चुलतभाऊ, मनानं वाईट नव्हे, फक्त जिभेला कुंपण नाही. पण तेव्हापासून शिवणक्लास. गावही समजूतदार. बायका सुरेखाला फोन करून सांगायच्या, "श्रद्धाला सांग गं आमचा व्हिडिओ करायला," आणि फोटो सुरेखाच्या मोबाइलवर पाठवायच्या.

आता क्लासचा शेवटचा प्रोजेक्ट आला होता. एका हळदीची छोटी फिल्म. मोबाइल अर्ध्यावर तापून बंद पडत होता. घरी मशीन आलं नाही तर सुरेखाचं शिक्षण इथंच थांबणार होतं. जगदीश तयार झाला तो एका अटीवर, जी त्यानं तोंडानं कधी सांगितली नाही. मशीन पोरीचं म्हणायचं. नाव कुणाचं का असेना, सुरेखानं मनाला समजावलं होतं. मन ऐकतंय असं तिला वाटलं होतं.

कर्जतच्या दुकानात प्रवीण नावाच्या मालकानं साहजिकच श्रद्धाला खुर्ची दिली. "बोला मॅडम, काम काय करणार?"

"इंजेक्शन देते," श्रद्धा म्हणाली.

"ती डिझाइनचं शिकते," जगदीश घाईघाईनं बोलला. "आन् व्हिडिओचं. तो दाखवा, तो दिवेवाला."

काचेच्या बाजूचा तो डबा गणपतीच्या मखरासारखा निळा-जांभळा लखलखत होता. जगदीश त्याच्या प्रेमातच पडला. "हा घरात ठेवला तर वेगळी ट्यूब लावाय नको."

सुरेखा इतका वेळ पर्स मांडीवर धरून बसली होती. तिनं हळूच विचारलं, "याच्यात रॅम किती?"

"आठ, ताई."

"मग दिवे ऱ्हाऊंदे. साधा डबा द्या आन् रॅम सोळा करा. पुढं वाढवायची तर जागा हाय ना? ग्राफिक्स कार्ड वेगळं पायजे. एसएसडी तर हवीच, आन् व्हिडिओ साठवायला दुसरी मोठी डिस्क."

"दिव्यांनी काय वाईट केलं?" जगदीश पुटपुटला.

"अवो, दिवे मंडपाला लावतात."

प्रवीण हसला आणि कागदावर भराभर खोडाखोड करू लागला. "बरोबर बोलताय, ताई. आमच्याकडे सगळे दिवेच बघतात." मग त्यानं स्क्रीन दाखवली, जवळजवळ टीव्हीएवढी. जगदीशचा चेहरा पुन्हा उजळला.

"मोबाइलमधला एक फोटो लावू का?" सुरेखानं विचारलं.

परवाच्या हळदीतला फोटो लागला. मांडवात बसलेली, हळदीनं माखलेली नवरी. सुरेखानं खांद्यावरचा पदर पुढं ओढला. त्या हळदीत ती मुद्दाम जुनी पांढरी साडी नेसली होती. तीच आज न धुता नेसून आली होती. घरून निघताना जगदीशनं "ही काय साडी?" म्हणून कटकट केलीच होती. पदरावर हळदीचा पंजा उमटला होता. रंग ताडून बघायला तिनं तो स्क्रीनच्या कडेला धरला.

स्क्रीनवरची हळद हिरवट दिसत होती. सुरेखा जराशी बाजूला सरकली तर आणखी हिरवी.

"काविळीचा पेशंट," श्रद्धानं निदान केलं.

प्रवीणनं दुसरी स्क्रीन जोडली. आकारानं लहान, दिसायला साधी. पुन्हा पदर. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. पदरावरचा डाग कुठं संपतो आणि नवरीचा गाल कुठं सुरू होतो, कळेना.

"हीच," सुरेखा म्हणाली.

जगदीश वाकून बघत होता. एकदा पदराकडे, एकदा बायकोकडे. बैलाची पारख करणाऱ्या माणसाकडे बघावं तसा.

"ताई, तुम्ही शिकवता का कुठं?" प्रवीणनं मनापासून विचारलं.

"नाय नाय," जगदीश सवयीनं बोलून गेला, "शिवणकाम करते ती."

सुरेखानं पदर पुन्हा खांद्यावर घेतला आणि केबलच्या गुंडाळ्यांकडे बघत बसली.

परतताना जगदीशनं टेंपो असा चालवला, जणू मागं बाळंतीण बसवली आहे. प्रत्येक खड्ड्याला विचारत होता, "काय व्हत नाय ना गं त्याला?" सुरेखा नाही म्हणत होती. 

घरी खोकी उतरेपर्यंत अर्धी आळी ओटीवर जमली. सगळ्या वायरी सुरेखानंच जोडल्या. लोक ते बघत होते, आणि बघता बघता श्रद्धाचं कौतुक करत होते. मशीन आवाज न करता सुरू झालं. मोबाइलवर कधीच पुरा न चाललेला प्रोजेक्ट सुरेखानं लावला आणि बाजूला झाली.

भाचीची हळद. ढोल, बेंजो, बायकांची रांग, आणि मधेच नामाचे वडील, आबा, दोन्ही हात वर करून नाचणारे, पांढऱ्या मिशीला हळद लागलेली. आबा यंदा पाऊस संपता संपता वारले होते. सुरेखानं तिथं ढोल हळूहळू बंद केला होता. फक्त आबांच्या पायातल्या वहाणांचा आवाज ठेवला होता.

 नामा स्क्रीनच्या इतका जवळ गेला की श्रद्धानं त्याला मागं ओढलं.

"पुन्यांदा लाव," तो म्हणाला. पुन्हा लावलं. मग त्यानं बाहीला नाक पुसलं. "श्रद्धे, लय मोठं काम केलंस गं पोरी."

श्रद्धानं बापाकडे पाहिलं.

तेवढ्यात जगदीशची आई, अंबाबाई, ताट घेऊन आली. आमच्याकडे घरात नवं औजार आलं की ते चालवणाऱ्याला त्याच्यापाशी बसवून ओवाळतात. नांगर असो, गिरणी असो, टेंपो असो.

"बस गं श्रद्धे," म्हातारी निरांजन सावरत म्हणाली. "ज्याचं औजार त्यानं बसायचं."

श्रद्धा जागची हलली नाही. बायका तिला ढकलू लागल्या, "लाजतेस काय, बस की." सुरेखा खाली पडलेले थर्माकोलचे तुकडे वेचू लागली. एकेक, सावकाश. ताटातली ज्योत वाऱ्यानं वाकडी झाली, म्हातारीनं हात आडवा धरला. "आटपा रं. इझंल."

जगदीश दारात उभा होता. तो आत आला, माणसांतून वाट काढत. त्यानं सुरेखाच्या हातातले थर्माकोलचे तुकडे काढून घेतले आणि दुसऱ्या हातानं खुर्ची मागं ओढली.

"आये, श्रद्धाला नको," तो म्हणाला. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "हिला ओवाळ. शिकायला ही जाते."