पडद्याकडे पाठ करून

मंडळ म्हटलं की नियम आलेच, आणि मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर असले की मग काही विचारूच नका. चित्रपट मंडळाच्या जुन्या भयपटांच्या वर्गासाठी त्यांनी एक नियम करून ठेवला होता. ओळीने तीन खेळांत एकही माणूस घाबरला नाही, तर वर्ग बंद करायचा आणि शनिवारची संध्याकाळ माहितीपटांना द्यायची. भयपट दाखवायचा आणि भीती वाटू द्यायची नाही ही लोकांची शुद्ध फसवणूक आहे, असं त्यांचं म्हणणं. आता यावर कोण काय बोलणार?

घाबरलेली माणसं मोजायची तर कुणीतरी चेहऱ्यांकडे बघत बसायला हवं. ते काम आलं वजनमापे निरीक्षकांच्या गळ्यात. त्यांना सगळे मापसाहेब म्हणत. जन्म गेला दुकानदारांचे तराजू तपासण्यात. वहीत खोटा आकडा म्हणून कधी लिहिला नाही. त्यांची खुर्ची पडद्याखाली ठेवली गेली, पडद्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून. मांडीवर वही, हातात छोटी बॅटरी. भीतीच्या खुणा अध्यक्षांनी चार ठरवून दिल्या होत्या: किंकाळी फोडणं, पाय खुर्चीवर घेणं, शेजाऱ्याचा हात धरणं, डोळे झाकणं. पाचवी खूण चालणार नाही.

अशी अकरा वर्षं गेली. मंडळाचा हा सर्वांत इमानी सभासद, पण बापड्याने एकही चित्रपट पाहिलेला नाही. पाठीमागे दारं करकरत, शवपेट्यांची झाकणं उघडत, बायका ओरडत, आणि हे आपले पुढच्या बावीस तोंडांकडे बघत बसलेले. थोरली बहीण घरी म्हणायची, अरे, लग्नात एखादा पाहुण्यांकडेच बघत बसतो आणि नवरानवरी बघायची राहून जातात, तशातली तुझी गत. पण मापसाहेबांना काही राहून गेल्यासारखं वाटत नव्हतं, कारण तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर शिलाईवाल्या बाई बसत.

बाईंचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. खेळ सुरू झाला की दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या ज्या बसत, त्या शेवटपर्यंत. पापणी लवायची नाही. वहीत त्यांच्यापुढे अकरा वर्षांची शून्यं. मापसाहेब स्वतः पाल दिसली तर टेबलावर चढणारे. त्यांना वाटे, काय ही छाती! बघता बघता त्यांचा जीव बाईंवर जडला. बोलायची हिंमत मात्र होईना. तीनदा मनाचा हिय्या करून दुकानात गेले, आणि तिन्ही वेळा मोजपट्टी तपासून परत आले. पट्टी बरोबर निघाली, मग तिथे थांबायचं कशाच्या जोरावर?

आणि आता तिसरा खेळ होता. आधीचे दोन कोरे गेले होते. जाणार नाहीत तर काय, सभासदांना सगळे चित्रपट तोंडपाठ झालेले. पोस्टातल्या बाई भुताच्या डोळ्यांत डोळे घालून स्वेटर विणत. बँकेतले कारकून नटाच्या आधीच संवाद म्हणून टाकत. आज कुणी घाबरलं नाही तर पुढच्या शनिवारी जमिनीची धूप कशी थांबवावी यावरचा माहितीपट लागणार होता, त्याच्या रिळांचा डबाही येऊन पडला होता. तो बघायला बाई कशाला येतील? आणि त्या आल्या नाहीत तर मापसाहेबांना त्या दिसणार कुठे?

त्या संध्याकाळी पडद्यावर मेलेल्या माणसाचा तुटका हात जिना चढत होता. मापसाहेब एकेका तोंडावर बॅटरी मारत होते आणि मनात विनवत होते, अरे, कुणीतरी पाय वर घ्या रे. कारकुनांनी जांभई दिली. पोस्टातल्या बाईंची बाही पुरी झाली. एकदा तर मापसाहेबांनी कारकुनांच्या नावापुढे पेनाचं टोक टेकवलंही. एक उभी रेघ, बस्स. कोण विचारायला येतंय? पण हात पुढे सरकेना.

दिवे लागले. अध्यक्षांनी आकडा विचारला, आणि मापसाहेबांनी शून्य सांगितलं. माणसं उठू लागली, तसं काय झालं कुणास ठाऊक, एरवी तोंडातून शब्द न काढणारे मापसाहेब उभे राहिले आणि म्हणाले की आपली हरकत आहे. यात चित्रपटाचा काय दोष? सभासदच असे निधड्या छातीचे असतील तर भुतांनी करायचं काय?

"या बाईंचंच बघा," ते म्हणाले. "अकरा वर्षं मी यांच्या चेहऱ्याकडे बघतोय. अशी न घाबरणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाई अजून बसलेल्याच होत्या.

"मला उठता येत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. "दर खेपेला असंच होतं. पाय जातात. सगळे निघून गेले की दहाएक मिनिटांनी जीव येतो."

अध्यक्षांनी विचारलं, मग ओरडला का नाहीत? बाई म्हणाल्या, घशातून आवाजच निघत नाही. डोळे का झाकले नाहीत? हातच उचलत नाहीत. अध्यक्ष नियमांचा कागद वरखाली करू लागले आणि मग एकदम ओशाळले. त्यांच्या दवाखान्यात आरडाओरडा करणारे घटकाभरात विसरून जातात, खरे भ्यालेले असतात ते खुर्चीत लाकडासारखे पडून राहतात. हे रोज बघणारा माणूस, आणि नेमकी हीच खूण लिहायची राहिली. त्यांनी वर्ग चालू राहील असं सांगून टाकलं आणि मापसाहेबांना नोंद करायला सांगितलं.

मापसाहेबांच्या कानांत काही शिरलं नाही. इतरांचे काटे तपासत हिंडणारे हे गृहस्थ अकरा वर्षं स्वतःच काटा मारत होते. दर शनिवारी ही बाई समोर भीतीने गारठून बसायची आणि हे शून्य लिहून खुशीत घरी जायचे. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ते तिसऱ्या रांगेपाशी गेले.

"एवढी भीती वाटते, तर येता कशाला?"

"घरी एकटीला याहून जास्त वाटते," त्या म्हणाल्या. "इथे निदान समोर बसून कुणीतरी माझ्याकडे बघत असतं."

माणसं पांगली. मापसाहेब शेजारच्या खुर्चीवर बसले. बाईंच्या पायांत जीव यायला त्या दिवशी चांगला पाऊण तास लागला.