जावयासाठी काढलेला टेकू

मित्रांनो, मी टेकू आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको. कोऱ्या लाकडाचा टेकू कोणी करत नाही.

पूर्वी मी खारदांड्याच्या एका होडीवर डोलकाठी होतो. होडी म्हातारी झाली तेव्हा ती फोडून जाळली आणि मला घाटकोपरच्या एका वखारवाल्याला विकलं. समुद्रावर माझं काम डोलायचं होतं. वखारवाला म्हणाला, "आता डोलायचं नाही." एवढंच माझं शिक्षण.

मग मी भाड्याने घरोघर जाऊ लागलो. एकदा एका गॅलरीखाली सबंध पावसाळा उभा होतो. वरच्या मजल्यावरच्या बाई मला रोज हळदकुंकू वाहायच्या, खालचे गृहस्थ मला सायकल बांधायचे. दोन्ही मान मी एकाच चेहऱ्याने घेतले.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात मला विद्याधर नावाच्या कारकुनाने नेलं. कौलारू घरात तो आणि त्याची आई वनमालाबाई, असे दोघंच. विद्याधरचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांना मोठी खोली दाखवायची म्हणून ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत काढायची होती.

भिंत काढायला आले जावई. विद्याधरची धाकटी बहीण माणिक, तिचे यजमान नंदकिशोर. ते रस्त्यांच्या मोजणीवर होते. दिवसभर उन्हात साखळी घेऊन चालायचं, ही नोकरी. रेघ सरळ आली की भिंत आपोआप उभी राहते, असा त्यांचा समज होता. माणूस मात्र लाख. म्हणाले, "गवंडी कशाला? मी आहे ना घरचा माणूस!"

शेजारचे श्यामसुंदर विम्याचं काम करायचे. धूळ पाहून ते आले.

"विद्याधर, काम चालू आहे तोवर मजुरांचा विमा घे. कोणाला लागलंबिगलं तर कंपनी भरपाई देते."

"घेतो की. पण मजूर कुठे आहे? आमचे जावईच करतायत."

"मग त्यांनाच रीतसर मजुरीवर ठेव. रोजचा रुपया दे, पावती घे. झाले मजूर."

वनमालाबाई लाटण्यासकट बाहेर आल्या. "मजूर? माझे जावई?"

"नावापुरते हो, काकू."

"नावच तर जातं ना! उद्या व्याह्यांच्या कानावर गेलं म्हणजे? जावयाच्या हातावर वाण ठेवतात, रोजी नाही."

माणिक हळूच म्हणाली, "आई, मला चालेल गं."

"तुला कोणी विचारलंय?"

नंदकिशोर हसले. "श्यामसुंदर, मी पडणारा माणूस वाटतो का तुम्हाला?"

"तुम्ही नाही हो. छप्पर."

विद्याधरने विमा घेतला. मजुरांचा. मजूर एकही नव्हता. म्हणजे त्या घरात सगळ्यात सुरक्षित माणूस कोण, तर जो नव्हता तो.

छपराची मोठी तुळई त्या भिंतीवर टेकलेली होती. नंदकिशोरांनी मला तुळईखाली उभं केलं, पायाशी पाचर ठोकली आणि भिंत पाडली. लोखंडी गर्डर यायचा होता. तोवर सगळं छप्पर माझ्या डोक्यावर.

त्यातच अधिक महिना आला. अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. स्वयंपाकघरात सामान कोंबलेलं, ओटीवर विटा. पाट मांडायला मोकळी जागा एकच: माझ्या पायाशी. वनमालाबाईंनी रांगोळी काढली. मी बरोबर मध्ये आलो.

"हे लाकूड आडवं येतंय," त्या म्हणाल्या.

मी उभाच होतो, पण असो.

"एवढंच ना? जेवण होईपर्यंत काढून ठेवतो," नंदकिशोर म्हणाले.

"अहो, राहू द्या ना," माणिक म्हणाली. "मी स्वयंपाकघराच्या दारात पान मांडते."

"दारात? जावयाला दारात जेवायला वाढू?"

विद्याधरने तोंड उघडलं. जावयाला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती, म्हणून त्याने ते मिटलं.

नंदकिशोरांनी वाकून पाचरीवर हातोडी मारली. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मी कुरकुरलो. वनमालाबाई म्हणाल्या, "जुनं लाकूड, कुरकुरायचंच." दुसऱ्या घावाला पाचर निघाली, मी आडवा झालो आणि माझ्यामागोमाग तुळई आली.

वाणाचं ताट माणिकच्या हातात होतं. अनारसे तेहतीसच्या तेहतीस शाबूत राहिले. नंदकिशोरांचा उजवा पाय इस्पितळात गुडघ्याखाली कापावा लागला.

काही दिवसांनी विमा कंपनीचा साहेब आला. पडझड पाहिली आणि विद्याधरला विचारलं, "ज्यांना लागलं ते तुमच्याकडे मजुरीवर होते का?"

विद्याधरने आईकडे पाहिलं.

"मजुरीवर कसे असतील?" वनमालाबाई म्हणाल्या. "जावई आहेत ते आमचे!"

खरंच होतं. साहेबाने हळहळून मान हलवली, टोपी घातली आणि गेला.

माणिक कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "मान राहिला ना गं, आई? मग आता मोजणीच्या साहेबांना तूच सांग, एका पायाचा जावई कामावर ठेवा म्हणून."

वनमालाबाई लाटणं शोधायला आत गेल्या. ते समोरच होतं.

आळीत मात्र ठरलं की टेकू सरकला. मी सरकलो नाही, मला काढलं. पण लाकडाला कोण विचारतो? अपशकुनी म्हणून वखारवाल्यानेही मला परत घेतलं नाही. परसात, बंबाच्या जळणाशेजारी पडून आहे.

पुढे छप्पर उभारायला परके मजूर आणले. रोजीवर, रीतसर. त्यातल्या सहदेव नावाच्या गड्याच्या पायावर वीट पडली आणि अंगठा मोडला. त्याला भरपाई मिळाली. नंदकिशोर कुबड्या टेकत, माणिकला घेऊन, मुद्दाम त्याचं अभिनंदन करायला आले.

"नशीबवान आहेस रे, सहदेव," ते म्हणाले. "इथे तुझी सासू नाही."

सहदेव हसला. मग माणिककडे पाहून त्याने हसणं थांबवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी काका, मामा, मेहुणे हातोडी घेऊन येतील. प्रेमाने येतील. त्यांना पाणी द्या आणि पहिल्याच दिवशी विचारा, "मजुरी काय घेणार?" त्यांची मजुरी ठरवा, विमा उतरवा, आणि टेकू काढायचा म्हणाले तर सरळ नाही म्हणा, मग ते कोणी का असेनात. त्यांना राग येईल. येऊ द्या. राग आठवड्याभरात उतरतो. तुळई एकदाच उतरते.