बघण्याचं इंग्रजी

माझ्या नवऱ्याला इंग्रजी उत्तम येतं, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. मी भवानीपूरच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजीच शिकवते, त्यामुळे माझं मत विचारायची घरात कुणाला गरज वाटत नाही. मी जन्माने कलकत्त्याची; आजोबा नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच होऊन गेले. हे, म्हणजे सदाशिवराव, अमरावतीचे. लग्नानंतर इथे आले, हावड्याला पितळी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात गोदामावर लागले, आणि साहेबलोकांशी इंग्रजीत बोलू लागले. तिथून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला, तो काही विचारू नका.

बाकी शब्दांचं एक वेळ चालवून घेईन मी. पण बघण्याचं? आपलं मराठीत बरं असतं. सिनेमा बघतो, वाट बघतो, मुलगी बघतो, दूध उतू जातंय का बघतो, आणि भांडण झालं की ‘तुला बघून घेतो’ म्हणतो. एका शब्दात संसार होतो. इंग्रजाने याच कामासाठी ढीगभर शब्द करून ठेवलेत. नुसतं दिसलं तर एक, लक्ष देऊन पाहिलं तर दुसरा, टक लावली तर तिसरा. आमच्या ह्यांचा नियम सोपा. त्या ढिगातला हाताला लागेल तो उचलायचा आणि कुठेही ठोकायचा.

एकदा आम्ही सुट्टीत अमरावतीला निघालो, तेव्हा घराकडे जरा लक्ष ठेवा असं वरच्या मजल्यावरच्या बोसबाईंना सांगायचं होतं. मी सांगते म्हटलं तर नाही. हे स्वतः गेले आणि ‘प्लीज सी अवर हाऊस’ म्हणून आले. बोसबाई बिचाऱ्या खाली आल्या, त्यांनी घर बघितलं, पडदे छान आहेत म्हणाल्या आणि वर गेल्या. आणखी एकदा कारखान्यातले जुने मॅनेजर निघता निघता ह्यांना ‘आय विल सी यू टुमॉरो’ म्हणाले, तर हे घरी येऊन जेवेनात. म्हणे, उद्या बघून घेतो असा साहेबांनी दम दिलाय. मी पोट धरधरून हसले. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण इंग्रजी बोलायचं काही थांबलं नाही.

नजरेच्या बाबतीत मात्र मी ह्यांना मानते. गोदामातला एक व्हॉल्व्ह इकडचा तिकडे झाला तरी ह्यांना कळायचं. घरातही तेच. पोळी एका कडेला जरा करपली की ती ताटात पडायच्या आधी ह्यांना दिसते. साडीला पिन लावलेली दिसते, भांड्याला आलेला पोचा दिसतो, आणि दिसलं की बोलून दाखवल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही. संसार करणारी बाई अशा माणसापुढे कशी जगते, ते माझं मला ठाऊक.

तर त्या डिसेंबरात गोदामातून एक ट्रक खिदिरपूरच्या गोदीकडे रवाना झाला आणि तिथे माल उतरवताना एक पोतं कमी भरलं. पितळेचं पोतं, काही थोडीथोडकी गोष्ट नाही. दिवस वाईट होते. हावड्यातले कारखाने पटापट बंद पडत होते, आमच्याकडेही महिनाअखेर पंधरा-वीस हमालांना काढणार असं उघड बोललं जात होतं. अशात ह्यांच्यावर चौकशी बसली. नोकरी गेली असती तर ह्या वयात ह्यांना दारात कुणी उभं केलं नसतं. माझ्या पगारात घरभाडं भागलं असतं, पण आमच्या लेकीचं, स्मिताचं, कॉलेज सुटलं असतं.

चौकशीला सान्याल नावाचे साहेब बसले. नवीनच आलेले, शब्द तोलून बोलणारे. त्यांनी विचारलं की माल चढत असताना तिथे कोण होतं. त्या संध्याकाळी हे छाती फुगवून घरी आले आणि चहाचा कप हातात घेऊन मला सांगायला लागले की, मी अजिबात डगमगलो नाही, ठणकावून सांगितलं.

“काय सांगितलंत?”

“आय पर्सनली ओव्हरलुक्ड एव्हरीथिंग, सर. साहेबांनी दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं.”

मी कपाळाला हात लावला. अहो, ओव्हरलुक म्हणजे दुर्लक्ष करणं, म्हटलं. तुम्ही भर चौकशीत साहेबांना छातीठोकपणे सांगून आलात की मी सगळ्या कामाकडे जातीने दुर्लक्ष केलं!

ह्यांना ते पटेना. ओव्हर म्हणजे वर, लुक म्हणजे लक्ष, कामावर लक्ष, यात चुकलं काय, असं मलाच विचारायला लागले. मग देखरेखीला काय म्हणायचं, म्हणाले. मी सांगितलं, ओव्हरसी. मग ओव्हरसाइट म्हणजेही देखरेखच असणार, म्हणाले. आता आली का पंचाईत. मी सांगितलं की ओव्हरसाइट म्हणजे बहुतेक वेळा नजरचुकीने राहून गेलेलं. ह्यांनी कप खाली ठेवला.

“म्हणजे लुक केलं की दुर्लक्ष, सी केलं की देखरेख, आणि त्याच सीचं साइट झालं की परत दुर्लक्ष. हे तू पोरींना शिकवतेस?”

वर आणखी मला आठवण करून दिली की, आमची गॅलरी ट्रामरस्ता ओव्हरलुक करते असं मीच बोसबाईंना म्हणाले होते. गॅलरी काय दुर्लक्ष करते ट्रामकडे? खरं सांगते, त्या वेळी मला ह्यांच्याइतकाच इंग्रजांचाही राग आला. तुमचं राज्य गेलं, निदान जाताना एवढं तरी निस्तरून जायचं होतं.

पण रागावून भागणार नव्हतं. दुसरी चौकशी मंगळवारी होती. मी ह्यांना एकच वाक्य पाठ करायला दिलं, की माझा शब्द चुकला, मला ओव्हरसॉ म्हणायचं होतं, मी सगळ्या कामावर देखरेख केली. सान्यालसाहेब शिकलेले आहेत, हसतील आणि सोडून देतील, असा माझा हिशेब. मी जेवताना म्हणून घेतलं, आंघोळीला जाताना म्हणून घेतलं. शाळेतल्या मुली परवडल्या. हे वाक्य म्हणत होते, पण जीव नसल्यासारखे. मला वाटलं रुसलेत. नेहमीसारखे वादही घालेनात, तेव्हा तर माझी फारच चिडचिड झाली. माणूस स्वतःच्याच भल्याचं ऐकायला एवढा कुरकुरतो म्हणजे काय!

मंगळवारी नेमका बंद झाला. ट्राम नाही, बस नाही, दुकानं बंद. चौकशी बुधवारवर गेली. स्मिता वर बोसबाईंकडे गेली होती. आम्ही दोघं गॅलरीत मटार सोलत बसलो होतो. खाली रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती.  मग हे शेंग हातात तशीच धरून म्हणाले,

“मी ओव्हरसॉ म्हटलं, की साहेब पुढे काय विचारतील?”

“विचारतील, मग काय बघितलंत.”

“मग मला सांगावं लागेल.”

मी मटार सोलतच होते. त्यात काय, जे बघितलं ते सांगायचं, असं मी म्हणाले आणि म्हणता म्हणता माझा हात थांबला. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली होती.

मग ह्यांनी सांगितलं. पोतं श्यामसुंदरने नेलं. श्यामसुंदर म्हणजे हमालांमधला सगळ्यात जुना, मेदिनीपूरकडचा. ज्यांना काढणार त्यांच्या यादीत पहिलं नाव त्याचं होतं, आणि हातावर काही मिळणार नव्हतं. ट्रक भरताना त्याने एक पोतं ट्रकच्या फळीवरून न नेता मागच्या दाराने बाहेर ठेवलं. हे समोरच उभे होते. त्याने ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी त्याच्याकडे बघितलं, आणि मग हे वळून नदीकडे तोंड करून उभे राहिले.

का म्हणून, मी विचारलं. हमाल काढले ते काय तुम्ही काढले? ह्यांनी कारण सांगितलं. म्हणे, मी इथे नवीन आलो तेव्हा मला ना धड बंगाली येत होतं ना इथलं हिंदी, इंग्रजीचं तर सोडाच. मी तोंड उघडलं की सगळं गोदाम हसायचं. तो एकटा हसायचा नाही. मी काय म्हणतोय ते समजेपर्यंत थांबून राहायचा. हा टोमणा मला होता की नव्हता, कोण जाणे. ह्यांना टोमणे मारता येत नाहीत, तेही खरं.

माझा असा संताप झाला की मटाराचं ताट मी बाजूला सारलं. पोळीची कड करपली तर ह्यांना खपत नाही. आणि डोळ्यांदेखत अख्खं पोतं गेलं तर हे नदी बघत उभे राहतात! मी म्हटलं, उद्या त्याचं नाव सांगा आणि मोकळे व्हा. हे म्हणाले, पोलीस नेतील त्याला. मग मी म्हटलं, म्हणजे आम्ही रस्त्यावर आलो तरी चालेल. आणि मग जे इतकी वर्षं म्हणायचं राहिलं होतं, तेही मी म्हणून टाकलं.

“लग्न झाल्यापासून माझी एक तरी चूक अशी सोडून दिलीत का हो कधी?”

 ह्यांनी मी बाजूला सारलेलं ताट ओढून घेतलं आणि उरलेले मटार सोलायला लागले. सगळे सोलून झाल्यावर म्हणाले,

“दिसलं, पण दिसलंच नाही असं केलं. याला तुझ्या इंग्रजीत काय म्हणतात?”

शब्द माझ्या तोंडात तयार होता. दरवर्षी नववीला मी तो फळ्यावर लिहिते. पण तो ह्यांच्या हाती द्यायला मन घेईना, कारण उद्या हे त्याचं काय करतील ते मला कळून चुकलं होतं. मी म्हटलं, असा काही एक शब्द नाहीये. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ह्यांच्यापुढे खोटं बोलून काय उपयोग?

“ओव्हरलुक,” मी म्हटलं. “नजरचुकीने राहिलं तरी तेच, आणि जाणूनबुजून सोडून दिलं तरी तेच.”

“म्हणजे मी बरोबर बोललो होतो.”

“हो.”

बुधवारी हे गेले. मी शाळेत होते, पण मन थाऱ्यावर नव्हतं. दोन वर्गांना एकच धडा दोनदा शिकवला. संध्याकाळी हे आले तेव्हा चेहऱ्यावरून काहीच कळेना. पाणी प्यायले आणि मग सांगितलं. सान्यालसाहेबांनी समजुतीच्या सुरात विचारलं होतं की, त्या दिवशी तुमचा शब्द चुकला का, तुम्हाला देखरेख म्हणायचं होतं का? माणूस सज्जन, ह्यांना वाट काढून देत होता. हे म्हणाले, नो सर, आय ओव्हरलुक्ड. साहेब बराच वेळ ह्यांच्याकडे बघत राहिले. त्या बघण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते ह्यांनी मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग साहेबांनी कामात निष्काळजीपणा असं लिहून घेतलं.

नोकरी राहिली. गोदाम गेलं. ह्यांना आत ऑफिसात एका टेबलाशी बसवलं, बढती थांबली, आणि मालाच्या आसपास फिरकायचं नाही असं सांगितलं. त्या टेबलावरून एक भिंत दिसते, एवढंच ह्यांनी मला सांगितलं. महिनाअखेर बाकीच्यांबरोबर श्यामसुंदरलाही काढलं. जाताना तो ह्यांना भेटला की नाही, ते मी विचारलं नाही आणि हे बोलले नाहीत. इंग्रजी मात्र ह्यांचं बंद झालं. साहेबांशीसुद्धा आता हिंदीत बोलतात म्हणे. ह्या एका गोष्टीसाठी मी किती वर्षं कटकट केली होती, आणि झालं तेव्हा मला मुळीच बरं वाटलं नाही.

संक्रांतीला महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकू होतं. आम्हा मराठी बायकांचं वर्षातून एकदा असं भरपूर मराठी बोलणं होतं. तिथे कालिंदीबाई होत्या. त्यांचे यजमान ह्यांच्याच कारखान्यात हिशेबाला आहेत. सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवता ठेवता त्या माझ्यापाशी आल्या आणि चार जणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “वृंदाताई, सदाशिवरावांचं काय ऐकलं हो ते? समोरून अख्खं पोतं गेलं तरी दिसलं नाही म्हणे त्यांना.”

माझा जीव असा जळला म्हणून सांगू. ह्यांना दिसलं नाही? ह्यांना? ज्या माणसाच्या नजरेपुढे मी उभा जन्म धास्तीत काढला, त्याला दिसत नाही असं ही बाई मला सांगत होती, आणि बाकीच्या सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मुलींच्या वहीतली एक चूक मी तशीच जाऊ देत नाही. एवढ्या मोठ्या चुकीवर रेघ ओढायला माझे हात शिवशिवत होते. एक वाक्य बोलले असते तर कालिंदीबाई जागच्या जागी गप्प झाल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस मेदिनीपूरच्या गाडीत बसले असते.

“हो ना,” मी म्हटलं. “दिसत नाही त्यांना हल्ली.”