चौदा नंबरचा स्टिकर

नारिंगी, गोल, मधोमध काळ्या शाईत चौदा – आणि त्याचा एक कोपरा सुटलेला. आता गोलाला कोपरा कुठून आला, पण सुटला होता एवढं खरं, आणि ग्लेनिस तो अंगठ्यानं दाबत होती, अंगठा काढला की तो पुन्हा वर येत होता. लोकरीच्या स्वेटरवर स्टिकर धड बसत नाही. समोर लाल खुर्च्यांच्या रांगा, त्यांच्यापलीकडे रंगमंचाचा बंद पडदा. जहाजाच्या याच थिएटरात काल रात्री जादूगारानं एका बाईचे दोन तुकडे केले होते आणि मग ती हसत हसत बाहेर आली होती. आत्ता मात्र गालिचा झाडणारा एक माणूस सोडला तर इथं चिटपाखरू नव्हतं. बर्लिनच्या सहलीला जाणाऱ्यांनी सकाळी इथंच जमायचं, आपल्या बसचा नंबर पुकारला की उठायचं, असं कागदावर स्पष्ट लिहिलं होतं... मग माणसं गेली कुठं?

त्या माणसानं यंत्र बंद केलं. "लवकर आलात बाई. अजून तासभर आहे."

"असं कसं? घड्याळ तर मी स्वतः पुढं केलं!"

तो नुसता हसला. त्याला हे रोजचंच असावं. आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला – जर्मनीचा किनारा येणार म्हणून घड्याळ एक तास पुढं करा, अशी चिठ्ठी काल उशीवर होती, दात घासून आल्यावर तिनं काटा फिरवला; आणि तिच्या नवऱ्यानं, ऑल्विननंही फिरवला असणार, तिच्या आधी, मुकाट्यानं. मोबाइल दोघांचे घरून निघतानाच बंद, परदेशात बिल फार येतं म्हणून. तेव्हा उशाशी ते एकच घड्याळ. घरी मटणाच्या सुपाचंही असंच होतं. तीही मीठ घालते, तोही घालतो, आणि मग दोघंही पाणी पीत बसतात.

म्हणजे आता एक अख्खा तास फुकट हातात आला. नको होता. घाईघाईत बसमध्ये चढून गेले असते तर सुटले असते मी... आता बसा विचार करत.

ऑल्विन वर केबिनमध्ये झोपला होता. तो येणार नव्हता. हिवाळ्यात दोघांची तिकिटं काढली तेव्हा 'बरं' म्हणाला होता, आणि काल जेवताना, त्याच टेबलावर बसणाऱ्या सहप्रवासी एडना प्यूबाईंच्या देखत, बटाट्याचा घास घेता घेता त्यानं जाहीर केलं, "तीन तास जायला, तीन तास यायला, नि मध्ये तीन तास बर्लिन! चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. जन्मभर आपल्याकडं लानेल्ली-स्वॉन्झी मार्गावर बस हाकली मी. बसमध्ये बसायचा पगार मिळायचा मला. आता पदरचे देऊन बसू होय?"

सगळं टेबल हसलं. तीही हसली.

"आम्ही गेलो होतो मागं," एडनाबाई म्हणाल्या. "छान आहे हो बर्लिन. बरंचसं काचेतूनच दिसलं. पाय मात्र हे एवढे सुजले माझे."

"ऐकलंस? आणि तुला जर्मनच बोलायचंय ना, ग्लेन? मग इथं धक्क्यावर काय चिनी बोलतात?"

खरंच होतं ते. जहाज लागणार ते वार्नेम्युंडेही जर्मनीतच. तिथंही बेकऱ्या असणार, कॉफी असणार, कॉफी देणारी जर्मन माणसं असणार. मग कशाला एवढा आटापिटा? ती काट्यानं वाटाणे गोळा करत राहिली, आणि तो अगदी मायेनं म्हणाला, "तू जा ना. मी कुठं अडवतोय?"

हेच ते. रात्रभर हेच टोचत होतं. अडवलं असतं तर रागावता तरी आलं असतं...

चार हिवाळे, दर मंगळवारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत ती जर्मन शिकली. पहिल्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात मोठ्यानं घोकत होती, तर ऑल्विन डाव खांद्यावर टाकून, टाचा आपटत, 'जी जनरलसाहेब!' करत ओट्यापासून दारापर्यंत संचलन करून आला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाईट नव्हता हो तो, तेच तर अवघड होतं. थंडीत तिच्या आधी उठून गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून ठेवणारा माणूस. पण त्या दिवसानंतर ती नळ सोडून न्हाणीघरात घोकू लागली. आइनन काफे, बिटं. एक कॉफी द्या. आइनन काफे, बिटं... पाणी वाहत राहायचं आणि बाहेरून तो ओरडायचा, "अगं, टाकी रिकामी करतेस का?"

म्हणजे बर्लिन नकोच होतं मला... ती खुर्चीत ताठ बसली. मला पाहिजे होतं ते तीन तासांचं अंतर. तो ऐकणार नाही इतक्या लांबची एक कॉफी. तिनं चटकन मागं वळून पाहिलं, जणू हे कुणी ऐकलं असावं. तो माणूस यंत्राची वायर गुंडाळत होता. बरं, मग जा की! तुलाच जायचंय ना? पण रात्रभर कूस बदलत तू कशाची वाट पाहत होतीस – तो 'नको जाऊस' म्हणेल याचीच ना? आणि तिथं वेटरनं इंग्रजीत उत्तर दिलं तर? पाय सुजवून रिकाम्या तोंडानं परत. आणि त्यानं जर्मनमध्येच दिलं, कॉफी आली, खिडकीशी एकटीला बसून गोड लागली, तर? मग पुढं काय? या दुसऱ्या 'तर'ची तिला जास्त भीती वाटली.

माणसं येऊ लागली होती, छातीवर गोल गोल रंग लावून. आणि त्यांच्यामधून ऑल्विन येताना दिसला – केस उभे, स्वेटरच्या गुंड्या एकेक घर चुकलेल्या, हातात कागदी रुमालाची पुरचुंडी.

"घड्याळ तूही फिरवलंस होय गं?"

"तू सांगायला नको?"

"तू विचारायला नको?" तो शेजारी टेकला. "हॅमचे दोन पाव घेतलेत. जहाजावरचं खाणं बाहेर नेऊ देत नाहीत म्हणे, पर्समध्ये खाली टाक." मग पुरचुंडी तिच्या मांडीवर ठेवली. "जाग आली तर तू नव्हतीस. म्हटलं, दिवसभर करायचं काय मी इथं? येतो मी. म्हणजे... तू म्हणालीस तर. नको म्हणालीस तर हा काढून टाकतो."

त्याच्या छातीवर चौदा. तसाच नारिंगी, पण कुठंही न सुटता, घट्ट बसलेला. ऑल्विनचं नख स्टिकरच्या कडेशी होतं.

बारा पुकारला. तेरा. तिनं तोंड उघडलं, 'ये' म्हणायला की 'राहा' म्हणायला हे ठरायच्या आतच बाहेर आलं ते भलतंच, आणि चांगलं मोठ्यानं:

"आइनन काफे, बिटं."

ती टाचांच्या आवाजाची वाट पाहत राहिली. ऑल्विन हसला नाही. चढलेल्या उतारूला कुठं जायचं विचारावं तसं त्यानं विचारलं, "म्हणजे काय?"

"कॉफी. एक."

"आणि मला?"

तो हसला असता तर सगळं सोपं होतं. ती उठून गेली असती, रागानं का होईना, एकटी, आणि राग बर्लिनपर्यंत पुरला असता. आता तो वाट पाहत होता, नख तसंच कडेवर ठेवून, आणि आजूबाजूला चौदा नंबरची माणसं उठू लागली होती. दोन कॉफींचं वाक्य तिला येत होतं, पहिल्याच धड्यात होतं ते. पण ते म्हणावंसं वाटतंय की नाही, हे तिला कुठल्याच भाषेत सांगता येत नव्हतं.